रापलेल्या रंगाची कैफियत

गेल्या संक्रांतीस आमच्या येथील महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाचा समारंभ होता. बायकांची गर्दी सभागृहात, आणि आम्ही पुरुषमंडळी शेजारच्या खोलीत तिळगूळ खात बसलेलो. मधले दार मात्र उघडे होते. नुकत्याच बदलून आलेल्या आमच्या एका स्नेह्यांची मुलगी दारालगतच्या आरशापुढे उभी राहिली, पर्समधून एक चपटी डबी व मोठा मऊ ब्रश काढला आणि गालांवरून तो हलकेच फिरवू लागली. मंडळातील एका वडीलधाऱ्या काकूंनी कौतुकाने विचारले, "हे काय गं लावतेस?" मुलगी म्हणाली, "ब्राँझर आहे, काकू." म्हणजे काय, असे विचारता तिने सरळपणे सांगितले की, ही आपल्या रंगाहून किंचित गडद अशी तांबूस भुकटी असते, चेहऱ्यावर उन्हाची ऊब आल्यासारखी दिसते. त्यावर काकू उद्गारल्या, "अगं बाई! देवाने दिला तेवढा काळेपणा पुरला नाही, म्हणून विकत आणून वर आणखी लावतेस होय?"

सगळ्याजणी हसल्या. मुलगीही हसली आणि तिने डबी मिटली. त्या संध्याकाळी ती डबी पुन्हा उघडली गेली नाही, हे आम्ही पाहिले. काकूंनी विनोदाने विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही गंभीरपणे देण्याचे योजले आहे. कारण त्या हसण्यात आम्हीही सामील होतो, आणि त्याची टोचणी अद्याप गेलेली नाही.

सौंदर्यप्रसाधन हा काही कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसांचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. परंतु रंगाचा विषय आमचा नव्हे, असे मात्र कोणी म्हणू नये. मुलींची स्थळे पाहणारे आम्ही, त्यांच्या माहितीची पत्रके लिहिणारे आम्ही, आणि छायाचित्रकारास "जरा उजळ काढा हो" असे दबक्या आवाजात सांगणारेही आम्हीच. ज्या गोष्टीत आमचा एवढा हात आहे, तिच्याविषयी तोंड बंद ठेवण्याचा अधिकार आम्हास उरत नाही.

काकूंच्या बाजूने तीन आक्षेप संभवतात. पहिला, पैसे देऊन आपला रंग गडद का करावा? दुसरा, हे गोऱ्या लोकांचे वेड आहे; त्यांना ऊन मिळत नाही म्हणून ते असल्या भुकट्या लावतात, आपण कशाला? तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत विचार करण्याजोगा, असा की, 'नैसर्गिक' दिसण्यासाठी जर रंग फासावा लागत असेल तर त्यात निसर्ग कोठे राहिला? या तिन्ही आक्षेपांचा क्रमाने विचार करू.

पहिल्या आक्षेपातच एक गृहीत दडलेले आहे. पैसे देऊन रंग गडद करणे हास्यास्पद, परंतु पैसे देऊन तो फिका करणे मात्र शहाणपणाचे! गोरे करण्याचे वचन देणारे जे मलम या देशात १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' या नावाने बाजारात आले, त्याने आपल्या किती घरांतील आरशांपुढे जागा पटकावली, हे वाचकांस सांगावयास नको. २०१४ साली जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेस नियम करावा लागला की, काळ्यासावळ्या व्यक्ती दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी अशा जाहिरातीत दाखवू नयेत. नियम करावा लागला, याचाच अर्थ तोवर तसे सर्रास दाखविले जात होते. २०२० साली त्या मलमाचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. गोरेपणाच्या जागी तेज आले. नाव बदलले हे बरे झाले. तथापि दुकानात जाऊन तेच मलम मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनातील इच्छा बदलली किंवा कसे, याचा निर्वाळा कोणी द्यावा?

हे झाले राजरोस विकल्या जाणाऱ्या मालाविषयी. गल्लीबोळांत आणि हस्ते परहस्ते जी बिनमार्गाची मलमे विकली जातात, त्यांची कथा याहून भयानक आहे. पाऱ्याचे क्षार कातडीत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतात, म्हणून अशा मलमांत पारा घातला जातो. तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे निकामी करतो. २०२३ साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण वाढलेले डॉक्टरांना आढळले. शोध घेता अनेकांच्या बाबतीत धागा गोरे करणाऱ्या मलमापर्यंत जाऊन पोहोचला. दुसऱ्या कित्येक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने प्रथम कातडी खरोखर उजळते, मग पातळ होते, लाल होते, पुरळाने भरते, आणि मलम सोडताच आग पेटल्यासारखी होते. काकूंनी ज्या डबीला हसून नावे ठेवली, तिच्यातील भुकटी रात्री साबणाने धुतली की निघून जाते. या दोहोंपैकी हसण्याजोगे काय आणि रडण्याजोगे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

मलमांचे जाऊ द्या. केवळ वरवरच्या रंगभूषेचाच विचार करू. आपल्याकडील लग्नसमारंभात गव्हाळ किंवा सावळ्या मुलीच्या तोंडावर तिच्या रंगाहून दोनतीन छटा फिका लेप चढविण्याचा प्रघात आहे. हा लेप ज्या पांढऱ्या द्रव्यांमुळे फिका होतो, ती म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, जस्ताची भस्म, शंखजिरे. ही द्रव्ये तपकिरी कातडीवर बसली म्हणजे गोरेपण येत नाही, राखाडीपण येते. विझलेल्या चुलीवर जशी राख बसावी तसे. त्यातून छायाचित्रकाराचा दिवा चमकला की चेहरा पिठात बुडविल्यासारखा आणि मान, कान, हात मूळच्या रंगाचे, असे एक विचित्र दृश्य अल्बमात कायमचे चिकटते. आमच्या पाहण्यातील एकही वधू त्या लेपाने सुंदर दिसल्याचे आम्हास स्मरत नाही. ज्या सुंदर दिसल्या, त्या लेप असूनही दिसल्या.

आता दुसरा आक्षेप. ब्राँझर हे पाश्चात्त्यांचे फॅड, हे खरे आहे. परंतु त्याचा इतिहास पाहिला तर तो आपल्यालाच चार शब्द शिकवून जातो. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील कुलीन स्त्रिया शिशाचा सफेदा तोंडास फाशीत. तो विषारी होता. तरी फासण्याचे कारण असे की, उन्हाने रापलेला चेहरा हा शेतात राबणाऱ्या बाईचा चेहरा समजला जाई. पुढे कारखाने आले. कष्टकरी माणूस शेतातून उठून कोंदट छपराखाली गेला आणि फिकट झाला. तेव्हा रापलेला रंग हे सुटीवर समुद्रकाठी जाऊ शकणाऱ्या श्रीमंताचे लक्षण ठरले. १९२०च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ही आवड फोफावली. १९८४ साली 'गेर्लां' या फ्रेंच पेढीने अशी भुकटी 'टेराकोटा', म्हणजे भाजलेली माती, या नावाने विकावयास काढली आणि तिचा बोलबाला झाला. म्हणजे रंग तोच. केवळ त्या रंगाचा धनी बदलताच तो कुरूपाचा सुरूप झाला! रंगाची प्रतिष्ठा कातडीत नसून खिशात असते, याहून स्वच्छ पुरावा तो कोणता हवा?

आणि हा धडा आम्हा बदलीवाल्यांस तर घरबसल्या मिळालेला आहे. आम्ही चेन्नईस होतो, तेव्हा शेजारणी आमच्या सौभाग्यवतींस "तुम्ही उत्तरेकडच्या गोऱ्या" असे म्हणत. पुढे चंदीगडास बदली झाली, आणि त्याच बाईंना सहा महिन्यांच्या आत "आपण दक्षिणेकडच्या का?" या प्रश्नाचे उत्तर भाजीबाजारात चार वेळा द्यावे लागले. कातडी तीच, तिच्यावरील ऊनही फारसे निराळे नव्हे. बदलीच्या हुकुमात वर्णबदलाचा उल्लेख तर मुळीच नव्हता. ज्या गुणाची किंमत आगगाडीच्या दोन दिवसांच्या प्रवासात उलटीपालटी होते, त्यास गुण म्हणावे की गैरसमज?

शिवाय त्या डबीतील द्रव्य काय आहे, हेही पाहावे. ब्राँझरचा तपकिरी-तांबूस रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांपासून येतो: तांबडे, पिवळे आणि काळे. तांबडा ऑक्साइड म्हणजे आपला गेरू. पिवळा म्हणजे पिवळी माती. तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना आपण जो रंग देतो, त्याचाच हा शुद्ध केलेला, कारखान्यात बनविलेला भाऊबंद. अजिंठ्याच्या चित्रकारांनी माणसांच्या अंगांचे रंग याच तांबड्या-पिवळ्या मातीतून आणि काजळीतून सिद्ध केले. १७व्या लेण्यात आरशात पाहून प्रसाधन करणारी राजस्त्री आहे. पाचव्या शतकापासून ती त्या आरशात पाहत उभी आहे. तेथील चित्रांत गौर, तपकिरी आणि गडद श्याम अशा सर्व वर्णांची माणसे एकाच भिंतीवर, एकाच सन्मानाने नांदतात. आणि त्या चित्रकारांनी चेहऱ्यास उठाव आणला तो सगळा चेहरा पांढरा करून नव्हे, तर कडेने रंग गडद करून व नाकाच्या दांड्यावर, हनुवटीवर उजेडाचा एखादा स्पर्श ठेवून. काकूंनी ज्यास विलायती वेड म्हटले, ते छत्रपती संभाजीनगरापासून (पूर्वीच्या औरंगाबादेपासून) शंभर किलोमीटरांवर दीड हजार वर्षे भिंतीवर आहे.

वाद प्रामाणिकपणे घालावयाचा तर आपल्या बाजूचे कच्चे दुवेही झाकू नयेत. ब्राँझरच्या कैवाऱ्यांतही एक मूर्ख पंथ आहे, तो म्हणजे कातडी खरोखर भाजून घेणारांचा. कृत्रिम किरणांच्या पलंगावर पडून रापण्याची जी रीत पश्चिमेत बोकाळली, तिची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००९ साली कर्करोगकारकांच्या सर्वांत वरच्या गटात केली. कातडीस ऊन खपवून रंग आणण्यापेक्षा डबीतील रंग लावणे हजारपट बरे, हा तर भुकटीच्या बाजूचाच मुद्दा झाला. दुसरा दुवा अधिक दुखरा आहे. अशा भुकट्यांत जी चमक असते, ती अभ्रकाची. झारखंडातील कोडरमा व गिरिडीह या भागांत सेवा केलेल्या आमच्या बंधूंना 'ढिबरा' हा शब्द ठाऊक असेल. खाणी बंद पडल्यावर उरलेल्या ढिगाऱ्यांतून व बिळांतून अभ्रकाचे तुकडे वेचणे म्हणजे ढिबरा; आणि ते वेचणाऱ्या हातांत लहान मुलांचे हात असतात, हे वारंवार उघडकीस आले आहे. २०१७ साली काही पेढ्यांनी एकत्र येऊन यास आळा घालण्यासाठी संस्था स्थापन केली. काहींनी कृत्रिम अभ्रक वापरावयास घेतले. जिला ही भुकटी घ्यावयाची असेल तिने चमकविरहित घ्यावी, अगर अभ्रक कोठले हे सांगणाऱ्याची घ्यावी. चेहऱ्यावर ऊन आणण्यासाठी दुसऱ्याच्या लेकराला बिळात उतरवावे लागत असेल, तर ते ऊन आपणास नको.

राहता राहिला तिसरा आक्षेप: नैसर्गिक दिसण्यासाठी रंग कशास? याचे उत्तर ब्राँझर नीट लावता कसे येते, यातच आहे. म्हणून ती रीत येथे सविस्तर सांगतो. ही विद्या आम्हास आमच्या मुलीने शिकविली. त्यात चूक असल्यास ती आमच्या समजुतीची.

कोणताही जिवंत चेहरा एकरंगी नसतो. कपाळाची कड, गालाची उंच हाडे, नाकाचा दांडा, हनुवटी येथे ऊन प्रथम पडते आणि तेथे कातडी जराशी गडद व उबदार असते. डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला ती निराळी असते. चेहऱ्यावर लेप दिला की हा सारा चढउतार पुसला जातो व चेहरा चुना दिलेल्या भिंतीसारखा सपाट होतो. ब्राँझरचे काम इतकेच की, लेपाने पुसलेले परत द्यावे. म्हणून ज्या जागी ऊन आपण होऊन पडते, त्याच जागी तो लावावयाचा: कपाळाच्या कडेपासून गालाच्या हाडावर आणि तेथून जबड्याच्या कडेवर, मराठी ३ या आकड्याच्या वळणाने, नाकावरून एक पुसट हात. सगळ्या तोंडाला फासणे म्हणजे पुन्हा एक नवा लेपच झाला.

छटा निवडताना आपल्या कातडीहून एक, फार तर दोन पायऱ्या गडद घ्यावी. गव्हाळ रंगास मधाची किंवा बदामी झाक शोभते. सावळ्या रंगास विटेची, मंगलोरी कौलाची. त्याहून गडद रंगास खैराची, शिसवीची. गोऱ्या कातडीसाठी केलेली डबी सावळ्या गालावर लावली तर ती दिसतही नाही, किंवा पांढुरक्या द्रव्यामुळे राख फासल्यासारखी दिसते. आणि फार नारिंगी छटा घेतली तर कावीळ झाली की काय अशी शंका येते. दुकानातील दिव्याखाली कधीही निवड करू नये. जबड्यावर किंचित लावून दाराबाहेर उजेडात पाहावे. छटा मानेशी जुळली तरच ती आपली.

ब्रश मोठा, मऊ आणि विरळ केसांचा असावा. भुकटीत टेकवून झटकावा, म्हणजे जास्तीची उडून जाईल. मग गोलाकार हलक्या हाताने फिरवावा. कमी वाटल्यास पुन्हा घेता येते, जास्त झाले तर काढता येत नाही. स्वयंपाकातील मिठाचाच हा न्याय. कडा विरून गेल्या पाहिजेत: कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे कळले की फसले. शेवटी ब्रशात उरलेले मानेवरून फिरवावे. कोलकाता, कोची अशा दमट गावी, जेथे दुपारपर्यंत चेहरा घामेजतो, तेथे कोरडी भुकटी बरी. दिल्लीच्या हिवाळ्यात, जेथे गाल फुटतात, तेथे मलईसारखा येतो तो बोटांनी लावावा, व तो पावडरीच्या आधी. गालफडे बसलेली दाखविण्यासाठी थंड राखी-तपकिरी रंगाने सावली काढण्याची जी दुसरी कला आहे, तिची यात गल्लत करू नये. ती चेहऱ्याचा आकार निराळा भासविते. ब्राँझर फक्त ऊब देतो.

इतके सांगितल्यावर तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर आपोआप मिळते. रंगभूषा दोन प्रकारची असते. एक, आहे ते नाकारणारी; दुसरी, आहे ते मान्य करून त्यास उजेडात आणणारी. काजळाने डोळा मोठा होत नाही, पण डोळा आहे हे दिसते. ब्राँझर वापरणारी सावळी मुलगी आरशापुढे आपल्या रंगाची पायरी शोधते आणि तिच्याच आसपास राहते. गोरेपणाचा लेप लावणारी मुलगी त्या पायरीवरून पळ काढते. पहिलीस नैसर्गिक म्हणण्यात आम्हास काही वावगे दिसत नाही. अर्थात जिला काहीच लावावयाचे नाही, तिचा चेहरा या दोघींहूनही आधी नैसर्गिक आहे. तिला डबी घेण्याचा आग्रह करणारा हा लेख नव्हे.

आता जे सांगण्यासाठी खरे तर लेखणी उचलली, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या मुलीचे स्थळासाठी माहितीपत्रक तयार केले. शिक्षण, उंची, गोत्र, सारे लिहून झाल्यावर 'वर्ण' या शब्दापुढे लेखणी थबकली. आपल्या भाषेने या बाबतीत वेतनश्रेणीसारख्या पायऱ्या करून ठेवल्या आहेत: गोरी, निमगोरी, गहूवर्णी, सावळी, काळीसावळी. आमची मुलगी सावळी आहे. आम्ही 'गहूवर्णी' असे लिहिले. चाळीस वर्षांच्या नोकरीत ज्याने एका टिपणावर खोटी तारीख घातली नाही, त्याने हे एका ओळीत, चहाचा घोट घेता घेता लिहिले. कागद टंकित होऊन आला तो मुलीच्या हाती पडला. तिने तो संपूर्ण वाचला आणि विचारले, "बाबा, हा रंग कोणाचा लिहिलात?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. त्या प्रश्नात राग नव्हता. जणू एखाद्या अर्जातील चूक दाखवून द्यावी, इतकाच स्वर होता. परंतु आपल्या वडिलांना आपला रंग लपविण्याजोगा वाटतो, हे तिला त्या दिवशी कळले, आणि ते पुन्हा न कळलेले करता येणार नव्हते. पुढे तिने आपल्या पहिल्या पगारातून जी एक डबी आणली, तिच्यात विटेच्या रंगाची भुकटी होती. तेव्हा आम्हास तिचा अर्थ समजला नाही. संक्रांतीच्या दिवशी दुसऱ्या एका मुलीने तशीच डबी मिटलेली पाहिली, तेव्हा समजला.

२०२० साली एका मोठ्या विवाहजुळणी संस्थेने रंगानुसार स्थळे गाळण्याची सोय लोकांच्या मागणीवरून काढून टाकली. यंत्रातून जे काढता आले, ते आपल्या पत्रकांतून काढता येऊ नये? आमची मागणी लहान आहे. आपापल्या मंडळांच्या वधूवरसूचक नोंदवहीतील 'वर्ण' हा रकाना येत्या वर्षी छापूच नये. लग्नघरी मुलीला सजविणाऱ्या बाईस "जरा उजळ करा" असे सांगावयाचे नाही, "तिच्यासारखीच करा" असे सांगावयाचे. आणि हळदीकुंकवास एखादी मुलगी तांबूस भुकटीची डबी उघडून आरशापुढे उभी राहिली, तर तिला खिडकीजवळची, उजेडाची जागा करून द्यावी. काकूंना आम्ही हा लेख वाचावयास देणार आहोत. त्या रागावतील, पण त्यांच्या नातीचा रंग आमच्या मुलीसारखाच आहे, आणि तिचे माहितीपत्रक अद्याप लिहावयाचे आहे.